तीन संसारांचं एक शेतघर

नांदेडला माझ्या लेकीच्या घरी तिच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातली तरुण मंडळी अधूनमधून येतात. त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलेलं आहे: गावाबाहेर तीन-चार घरांनी मिळून जमीन घ्यायची, तिथंच राहायचं, भाजीपाला लावायचा, स्वयंपाक एकत्र करायचा. लेक त्यांना माझ्याकडं पाठवते, कारण मी तसं राहिलेली बाई आहे. मी चहा ठेवते आणि विचारते, सातबारा कुणाच्या नावावर असणार? ती हसतात. म्हणतात, "काकू, आम्ही एकमेकांना किती वर्षं ओळखतो." मला राग येतो, त्यांचा नाही, त्या वाक्याचा. आम्हीही एकमेकांना ओळखत होतो.

आमचं सुरू झालं भूकंपापासून. तेव्हा आम्ही लातूरच्या एका जुन्या गल्लीत भाड्यानं राहायचो, लेक लहान होती. मी बालवाडीत शिकवायची, यजमान एसटीच्या डेपोत मेकॅनिक. घर माळवदाचं. ज्यांनी माळवद पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, आणि तुळयांवर हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात आत इतकं गार, की दुपारी पांघरूण घ्यावंसं वाटायचं. त्याच मातीखाली किल्लारीकडची गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. आमच्या घराला फक्त कोनाड्यापासून चौकटीपर्यंत एक भेग पडली, दुसरं काही झालं नाही. पण त्या भेगेखाली अंथरूण घालायची हिंमत आमच्यात राहिली नव्हती. सगळी गल्ली रस्त्यावर झोपत होती.

आमच्या समोरच्या घरात आपा आणि मास्टर राहायचे. मास्टर म्हणजे शिंपीकाम करणारे, त्यांच्या तीन पिढ्या त्याच गल्लीत कपडे शिवत आलेल्या. आपा त्यांची बायको. माझ्यापेक्षा वयानं मोठी, बोलायला गोड, आणि माणूस ओळखण्यात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. आणि गल्लीत रोज सकाळी दूध घालायला यायच्या त्या वैनी. त्यांचं शेत गावाला लागूनच होतं. नवरा-बायको दोघंच, मूलबाळ नाही. नवऱ्याला आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. भाऊ दिवसाला मोजून चार वाक्यं बोलायचे, बाकीचं वैनी बोलायच्या.

भूकंपानंतर वैनी दूध घालायला आल्या त्या भाऊंना आणि बैलगाडीला घेऊनच. आमच्या अंथरुणांकडं बघून म्हणाल्या, "रस्त्यावर कशाला झोपायलाव? आमचं शेत मोकळंच हाय. पडलं तर आभाळच पडंल अंगावर." आणि विचारायच्या आधीच माझी वळकटी गाडीत टाकली. मग आपाची टाकली. मास्टरांनी शिलाई मशीन सोडून यायला नकार दिला, तेव्हा मशीनही गाडीत चढलं.

तो सगळा हिवाळा आम्ही ताडपत्रीखाली काढला. यजमान डेपोतून रोज भूकंपाच्या गावांकडं जाणाऱ्या गाड्यांबरोबर जायचे आणि परत आल्यावर जेवायचे नाहीत. भाऊ त्यांच्याजवळ नुसते बसून राहायचे, तेवढ्यानं ते दोन घास खायचे. आणि त्याच हिवाळ्यात, सांगायला लाज वाटते, मी आयुष्यात सगळ्यात जास्त हसले. एक चूल, तिघी बायका, तीन तऱ्हेची मसाल्याची पुडकी. माझी भाकरी थापताना तव्यावर पडायच्या आधीच फाटायची. वैनी म्हणायच्या, "बाई, तुमी पोरास्नी शिकवा, ह्याला हात लावू नका." मला कांदे चिरायला बसवलं आणि पुढची कितीतरी वर्षं मी कांदेच चिरत राहिले.

उन्हाळा आला तसे लोक घरांकडं परतायला लागले. आम्हीही बोचकी बांधायला घेतली. तेव्हा वैनी म्हणाल्या, "जाताव कशाला? हितंच घर बांधा." आपा माझ्याकडं बघायला लागली, मी यजमानांकडं. खरं सांगायचं तर आम्ही तिघंही कुणीतरी हे म्हणायची वाटच बघत होतो.

आता इथं कायदा आडवा आला. जमीन विकत घ्यावी म्हटलं, तर जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि आमच्या किंवा मास्टरांच्या सात पिढ्यांत कुणी नांगर धरला नव्हता. भाऊंनी घरापुरता तुकडा द्यावा म्हटलं, तर शेतीचा इतका लहान तुकडा पाडून नावावर करता येत नाही. आणि शहराच्या नकाशात ते सगळं शिवार हिरव्या पट्ट्यात. हिरवा पट्टा म्हणजे तिथं शेती करायची, वस्ती करायची नाही. वैनींनी तलाठ्याला चहाला बोलावलं. भला माणूस होता. बाजेवर मांडी घालून त्यानं समजावून सांगितलं, "शेतात मालकाला शेतघर बांधता येतं, त्याला कुणी अडवत नाही. पण शेतघर एकच. छप्पर एक, चूल एक. दोन चुली दिसल्या की दोन घरं झाली." मग दोन घोट घेऊन म्हणाला, "आणि शेतघरात राहणार कोण? मालकाचं कुटुंब, नाहीतर मालकाचे गडी. तिसरं माणूस त्यात बसत नाही."

कुटुंब म्हणून दाखवावं तर मास्टरांची दाढी आणि भाऊंच्या कपाळावरचं गंध एका कुटुंबात कसं बसवायचं? पहिल्यांदा वैनीच हसल्या. "मग गडीच म्हणू की," त्या म्हणाल्या. "मास्टर, बैल हाकता येतात का?"

मोठा साहेब बघायला आला त्या दिवसाचं चित्र अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. मला वैनींनी त्यांचं जुनं लुगडं नेसवलं आणि हातात खुरपं दिलं. मास्टरांच्या डोक्याला भाऊंचं मुंडासं बांधलं. त्यांनी चाबूक उलटा धरला होता, म्हणजे दांडा वर आणि वादी मुठीत. यजमान गोठ्यात शेण काढत असल्याचं दाखवत होते, तिथं शेणच उरलं नव्हतं. साहेबानं विचारलं, "हे कोण?" वैनी म्हणाल्या, "सालगडी हायत साहेब, बायका-पोरांसकट ठिवलेत." आम्ही माना डोलावल्या. साहेबाला कळलं नसेल असं मला अजिबात वाटत नाही, पण भूकंपाचं साल होतं, माणसांना आसरा देणाऱ्याला अडवणं त्याच्याही जिवावर आलं. जीप वळली आणि आपा ओसरीवर बसून पोट धरून हसली. पुढं वर्षानुवर्षं आमच्यात तीच थट्टा चालली. भाऊसुद्धा, त्यांच्या चार वाक्यांपैकी एक खर्चून, मास्टरांना म्हणायचे, "सालगड्या, चहा घे." मास्टर म्हणायचे, "मालक, पगार वाढवा."

तर असं आमचं घर झालं. लोखंडी अँगल, पत्र्याचं एकच लांब छप्पर, त्याखाली ओळीनं तीन खोल्या, समोर सलग ओसरी आणि टोकाला स्वयंपाकघर. दगड वापरायचा नाही आणि मजल्यावर मजला चढवायचा नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं. पत्रे कुणी किती आणले हे तेव्हाही कुणी विचारलं नाही. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, म्हणून त्यावर तुरीच्या वाळक्या तुराट्या पसरून पाणी मारायचो. पावसात आत बोललेलं ऐकू यायचं नाही, त्यामुळे माझी आणि यजमानांची भांडणं पावसाळ्यात बिनबोभाट पार पडायची.

लोकांना वाटतं एकत्र राहणं म्हणजे प्रेमाचा प्रश्न. मी सांगते, तो आधी संडासाचा प्रश्न असतो. आमचं पहिलं मोठं भांडण संडास कुठं खणायचा यावरून झालं. वैनींना तो विहिरीपासून लांब, पार बांधाकडं हवा होता. आपाचे गुडघे तेव्हापासूनच दुखायचे, तिला जवळ हवा होता. यजमानांनी पाण्याचा उतार कुठं जातो ते पाहून मधली जागा काढली आणि आठ दिवस दोघीही त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दुसरं भांडण मटणाचं. वैनींचे सोमवार, गुरुवार, एकादशी, आणि चूल तर एकच. शेवटी कडुलिंबाखाली तीन दगड मांडले आणि ठरवलं की मटण तिथंच शिजणार. तीन दगड म्हणजे चूल नव्हे, असा निवाडा वैनींनीच दिला. पुढं पुढं एकादशी नसली की त्या स्वतःच आपाला विचारायच्या, "दगडं तापवायची न्हाईत का आज?"

विजेचा मीटर भाऊंच्या नावावर, बोअर भाऊंच्या नावावर, गॅस आला तोही त्यांच्याच नावावर. कुणाला वावगं वाटलं नाही. घर एक, तर नाव एक. सुट्टीच्या दिवशी मी शेतात जायची. खुरपायला, तूर काढायला, सोयाबीनच्या राशीवर. आपा जायची. मास्टर जायचे नाहीत, पण सगळ्या शेजारपाजारच्या बैलांच्या झुली त्यांनी शिवल्या. शिवारातल्या बायका वैनींना विचारायच्या, "ह्या बाईला रोज काय देताव?" वैनी हसून म्हणायच्या, "जेवू घालते." मीही हसायची. स्वतःच्या घरच्या शेतात राबायची मजुरी कोण घेतं?

भाऊ गेले ते बसल्या जागी, ओसरीवर, दुपारचा चहा घेऊन झाल्यावर. सातबारा वैनींच्या नावावर झाला. तेराव्यानंतर वैनी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी कांदे चिरत होते आणि आपा त्यांच्या डोक्याला तेल लावत होती. वैनी म्हणाल्या, "तुमी हायताव म्हून मी हाय. न्हाईतर ह्या मोकळ्या शिवारात मी एकटी काय केलं असतं?" मी चाकू बाजूला ठेवून त्यांना जवळ घेतलं. त्या दिवशी मला वाटलं, आता कायदा काहीही म्हणो, आम्ही एक घर आहोत. मी तसं नुसतं समजत नव्हते, माझ्या लेकीलाही तसंच वाढवलं होतं. ती वैनींना मोठी आई म्हणायची.

मग लातूरला क्लासचं वेड लागलं. वेड हाच शब्द. कुठून कुठून मुलं यायला लागली: बिलोलीहून, उदगीरहून, पार विदर्भातून. सोबत आई-बाप, ट्रंक, गादी. गल्लोगल्ली बोर्ड लागले, रिकामी खोली म्हणून राहिली नाही. आमची जुनी माळवदाची गल्ली पाडून तिथं चार-चार मजली होस्टेलं उभी राहिली. भूकंपानंतर ज्या गावात माणसं दुमजली घरात जेवायला जायला भीत होती, त्याच गावात मुलं चौथ्या मजल्यावर पाठांतर करत बसली. माणूस विसरतो, यात मला नवल नाही. इतक्या लवकर विसरतो, याचं मात्र वाटलं.

त्या मुलांचे डबे आम्ही सुरू केले. माझी कल्पना. तिघींच्या हाताला काम आणि वैनींचं मन रमेल म्हणून. भाकरी वैनींची, भाजी आपाची, कांदे माझे. गॅस आला तरी भाकरी चुलीवरच व्हायची, मुलांना तीच आवडायची. डबे पोचवायला वैनी स्वतः रिक्षानं जायच्या, त्यांना गावात जायची हौस होती. होस्टेलच्या मालकांशी त्यांची ओळख झाली. संध्याकाळी येऊन सांगायच्या, "अमक्याचं शेत होतं तिथं, आठवतंय का? आता बघा, एकेका खोलीत चार-चार पोरं. मालक नुसता खुर्चीवर बसून राहतो." मी म्हणायची, "वैनी, त्या खुर्चीवर तुम्हाला बसवलं तर दुपारपर्यंत उठून याल तुम्ही." त्या हसायच्या नाहीत. मला ते तेव्हा लक्षात आलं नाही असं नाही. लक्षात आलं, पण मनात अर्थ लावला तो चांगलाच.

काही वर्षांनी शहराचा नवा आराखडा आला. नकाशा लोकांना बघायला भिंतीवर लावला होता. यजमान तेव्हा निवृत्त झालेले. ते सायकलवर जाऊन बघून आले आणि ओसरीवर सायकल लावायच्या आधीच म्हणाले, "आपलं शेत हिरव्यातून निघालं. पिवळ्यात गेलं." पिवळा पट्टा म्हणजे वस्ती. आता तिथं राहणं कायद्याला मंजूर होतं. मला किती आनंद झाला ते कसं सांगू? इतकी वर्षं जीपचा आवाज आला की मी खुरपं शोधायला धावायची. आता तीन घरं रीतसर तीन घरं म्हणून राहू शकतील, मीटर वेगळा, नाव वेगळं, लपवाछपवी नको. पेढे मीच आणले. वैनींच्या तोंडात मी माझ्या हातानं पेढा घातला. त्यांनी तो खाल्ला आणि म्हणाल्या, "गोड हाय."

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. वैनींनी गॅसची दुसरी शेगडी स्वतःच्या खोलीत मांडली. म्हणाल्या, गुडघे दुखतात, टोकापर्यंत चालवत नाही. मी आणि यजमानांनी सिलिंडर उचलून त्यांच्या खोलीत ठेवला. पुढं त्यांचा चहा तिथं व्हायला लागला, मग भाकरीही. डबे हळूहळू बंद केले. एके सकाळी बघते तर आमच्या आणि आपाच्या पातेल्या वेगळ्या काढून स्वयंपाकघराच्या दाराशी घासून पालथ्या घातलेल्या. आपा म्हणाली, "बाई, इसमें कुछ तो है. पाणी मुरायलंय कुठंतरी." मी तिच्यावरच डाफरले. म्हटलं, "म्हातारपणी माणसाला वेगळं खावंसं वाटतं, त्यात कट कसला?" आपानं आपल्या पातेल्या उचलून आत नेल्या. ती चिडायची नाही.

आणि मग जीप आली. या वेळी साहेब तरुण होता, हातात टॅब घेतलेला. वैनी नवीन साडी नेसून ओसरीत उभ्या होत्या. मला वाटलं, पिवळ्या पट्ट्याचंच काहीतरी असेल, घरांची नोंद करायला आले असतील. मी सुपात तूरडाळ निवडत होते, मास्टर मशीनवर होते, यजमान बाजेवर. साहेबानं विचारलं, "मावशी, इथं राहणारे हे लोक कोण?"

वैनी म्हणाल्या, "माझ्याकडं कामाला हायत. जुने गडी हायत साहेब, घरातल्यावानीच."

आणि मी हसले. देवाशपथ सांगते, मी हसले. मला वाटलं, वैनींना जुना खेळ आठवला. इतक्या वर्षांची सवय. जीप दिसली की आम्ही गडी. मी लगेच पदर खोचला आणि म्हणाले, "हो साहेब, वैनींच्याच शेतात राबतो आम्ही." मास्टरांनी मशीन थांबवून हात जोडले. "हाव साहेब, गडी माणसं आम्ही. मालकिणीच्या जिवावर हाव." यजमानांनीही मान हलवली. साहेब आमचं बोलणं टिपून घेत होता. मी वैनींकडं बघितलं, आता जीप वळली की हसायचं म्हणून. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या साहेबाच्या हाताकडं बघत होत्या.

जीप गेल्यावर कुणी हसलं नाही. वैनी खोलीत गेल्या. थोड्या वेळानं बाहेर येऊन दारातूनच म्हणाल्या, "जमीन बिनशेती करून घ्यायलेव. होस्टेल बांधायचंय, एका क्लासवाल्याच्या भागीत. पाडव्यापर्यंत ऱ्हावा तुमी. मग जागा रिकामी करून द्या."

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. माझं तोंड गल्लीला ठाऊक होतं, त्या दिवशी शिवारालाही कळलं. केसानं गळा कापलात, असं मी म्हणाले. वैनी शांत होत्या. त्या म्हणाल्या, "साहेबापुढं आपण जे म्हणत आलाव तेच म्हणलं मी. नवीन काय बोलले? तुमी बी तेच म्हणलाव." मी म्हणाले, "ते खोटं होतं. आपण सगळ्यांनी मिळून बोललेलं खोटं होतं." त्यावर त्या म्हणाल्या, "मग खरं काय होतं ते कधी कुठं सांगितलं आपण?"

यजमान एका वकिलाकडं जाऊन आले. वकिलानं तीनच प्रश्न विचारले. भाडेकरू आहात का? नाही. नात्यातले आहात का? नाही. मग कोण म्हणून राहत होतात? यजमानांनी सगळी हकिकत सांगितली. वकील म्हणाला, "काका, साहेबासमोर तुम्ही स्वतःच गडी म्हणून सांगितलंय, आणि गड्याला मालकाच्या घरावर हक्क सांगता येत नाही. गावही तेच सांगेल, सगळ्यांनी तुमच्या बायकोला खुरपताना बघितलंय." खुरपल्याचं असं काही होईल हे मला कुणी सांगितलं असतं, तरी मी खुरपलंच असतं. शेत आमचंही आहे असं वाटत होतं म्हणून खुरपत होते. त्याचाच आता पुरावा झाला.

पाडव्यापर्यंतचे दिवस वाईट गेले. एकाच ओसरीवर राहायचं आणि बोलायचं नाही. एकदाच, विहिरीवर दोघी समोरासमोर आलो तेव्हा मी विचारलं, "का केलंत असं? तुम्हाला काय कमी पडलं?" वैनींनी भरलेली घागर काठावर टेकवली. मग म्हणाल्या, "मला पोर न्हाई. हातपाय चालायचे बंद झाले तर कोण बघंल? तुमच्या लेकीनं बघावं का? कशात लिवलंय तसं?" मी म्हणाले, "तिनं बघितलं असतं. ती तुम्हाला मोठी आई म्हणते." वैनी म्हणाल्या, "म्हणती." एवढंच बोलून घागर कमरेवर घेऊन गेल्या. त्यांच्या जागी उभं राहून मी पुष्कळदा विचार करून पाहिला आहे. भीती मला कळते. पण आम्ही भूकंपात एका ताडपत्रीखाली झोपलो होतो, आणि वैनीला आमची खात्री वाटली नाही. मला तिनं घराबाहेर काढलं याच्यापेक्षा हे जास्त लागलं आहे. मी तिला माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

पाडव्याच्या दिवशी टेम्पो आला. आपा आणि मास्टर गावात भाच्याकडं जाणार होते, आम्ही नांदेडला लेकीकडं. सामान निघताना खोल्या इतक्या लहान दिसायला लागल्या, की इतकी वर्षं आम्ही त्यात मावलो कसे असं वाटलं. आपा ओसरीला हात लावून काहीतरी पुटपुटली आणि टेम्पोत जाऊन बसली. तेवढ्यात वैनी आल्या. मागं एक माणूस ज्वारीची दोन पोती घेऊन. वैनींच्या हातात कपडे होते: यजमानांना आणि मास्टरांना धोतरजोडी आणि टोपी, मला आणि आपाला साडी-चोळी.

आमच्याकडं सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. जो गडी सोडून जातो त्याला मालक धान्य देतो, कपडे करतो, रिकाम्या हातानं पाठवत नाही. चांगल्या घरची रीत आहे ती. यजमानांनी जन्मात धोतर नेसलेलं नव्हतं.

वैनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "साल झालं," त्या म्हणाल्या. "रिकामं जाऊ नका. माझ्या जिवाला बरं वाटणार न्हाई." त्या नाटक करत नव्हत्या. नाटक करत असत्या तर मी साडी त्यांच्या अंगावर फेकली असती. त्यांना मनापासून वाटत होतं, की त्या आमचं रीतीनं करत आहेत.

मी म्हणाले, "वैनी, इथं आता साहेब नाही. आपण आपल्यातच आहोत. मी तुमच्याकडं कामाला होते का?"

वैनींनी डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. एखादी अडलेली गोष्ट विचारावी तसं त्यांनी विचारलं, "मग तुमी कोण होताव, बाई?"

बहीण, हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. इतकी वर्षं तोच होता. पण त्याच क्षणी मला दिसलं, की तो ऐकला की वैनी घाबरतील. बहिणीचा जमिनीत वाटा असतो. मी बहीण म्हटलं तर त्यांना माया ऐकू येणार नव्हती, वाटा मागितलेला ऐकू येणार होता.

"कुणी नाही," मी म्हणाले. साडी त्यांच्या हातातच राहू दिली आणि टेम्पोत आपाशेजारी जाऊन बसले.